पहिला नंबर आलेल्या मंदा सिस्टरला

मंदे, तुझ्या शोकसभेतून मी अर्ध्यात उठून आले. चपला घातल्या आन चालायला लागले. लोकांना वाटलं, म्हातारीला रडू आवरंना. रडू कसलं, राग आला व्हता मला. लय राग.

दवाखान्याच्या व्हरांड्यात टेबल मांडलेलं, त्याच्यावर तुझा फोटू, झेंडूची माळ. फोटू पण कोणता लावला? बक्षीस घेतानाचा. इस्तरीची साडी, हातात ती चकचकीत ढाल, आन तोंड असं का जसं कुणी चिमटा काढलाय. डॉक्टरसाहेब उभे राह्यले. म्हणले, "आपल्या मंदा सिस्टर. दवाखान्यातल्या बाळंतपणात यांचं उपकेंद्र कायम पहिल्या नंबरावर. शंभर टक्के उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या सिस्टर." मंग टाळ्या वाजवाव्या का नाय ते कुणाला कळंना. एक-दोघांनी वाजवल्या बी.

अगं, तू इतकी वर्षं त्या डोंगरात काढली. ओढ्यातून कमरेइतक्या पाण्यातून औषधाची पिशवी डोक्यावर घेऊन आलीस. आन तुझं काय सांगितलं? नंबर! पोळ्याला बैलाची आठवण काढत्यात ती बी यापरीस बरी.

फाटकापाशी साहेब मागून आले. "मावशी, थांबा. गुरुवारी तपासणीवाले यायचेत. योजनेच्या पैशानं काय फरक पडला ते बघायला. सिस्टर तर आता नाहीत. तुम्ही सगळ्यात जुन्या, तुम्हीच सांगा त्यांचं काम. चांगलं सांगा हं."

मी मान हलवली. पुढं तुझी लेक उभी. डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणली, "मावशी, आईचं नाव आहे तेवढंच राहिलंय आमच्याकडं. ते राहू द्या."

तिला ठावं हाय, मंदे. सगळं नाय, पण थोडं ठावं हाय. आईच्या पोटातलं लेकीला कळतंच.

म्हणजे दोघांनी मिळून माझं तोंड शिवलं. एकानं नंबरासाठी, एकीनं मायेसाठी. तवापासून मी तुझ्याशी भांडतेय. झाडताना भांडतेय, भाकर थापताना भांडतेय. जिती व्हतीस तवा भांडण अर्धं टाकून गेलीस. आता ऐक. आता कुठं उठून जाशील?

तू आलीस ते दिवस आठवतात का? नव्वद सालाच्या मागंपुढं. फाट्यावर यष्टीतून उतरलीस, पत्र्याची पेटी, पांढरी साडी, पायात ते टाचेचं बूट. फाट्यापासून पाडा चालत. पेटी माझ्या डोक्यावर. मी तवा नुकती उपकेंद्रात लागलेली, झाडायचं, पाणी भरायचं, भांडी उकळायची. नाव हिरा, पण दवाखान्यात कामाला लागली की बाईचं नाव जातं, ती मावशी बनती.

पहिल्या रातीला तू म्हणलीस, "मावशी, इथं कसला आवाजच नाही हो. झोप कशी लागणार?" मनमाडला रेल्वेच्या चाळीत जलमलेली तू. डबे आपटल्याशिवाय, इंजिन ओरडल्याशिवाय तुझा डोळा लागंना.

मी म्हणले, "बेडकं हायेत आमची. त्यांना शिट्टी वाजवायला सांगते."

तू हसलीस ती अशी हसलीस का शेजारची कुत्री उठली. तिथून आपलं जमलं. चारचौघांत तू सिस्टर, मी मावशी. चुलीपाशी तू मंदी, आन मी मावशे. नागलीची भाकर पहिल्यांदा खाल्लीस तवा म्हणली, "मावशे, ही भाकर हाय का पाटी?" मंग पुढं तीच भाकर तुला दिली नाय तर रुसायचीस. चांदवडच्या तुझ्या बहिणीकडून कांद्याची गोण यायची, त्यातली अर्धी माझ्या घरात. मी म्हणायची, तुमच्याकडचा कांदा आन तुझी जीभ, दोन्ही सारखंच. तू म्हणायची, म्हणून तर तुला रडू येतंय, नाहीतर तू काय रडणारी!

खरं व्हतं ते. मी रडणारी नव्हे. नवरा गेला तवा बी नाय रडले. दुसऱ्या दिवशी लावणीला गेले. कुणाला सांगायचं, पोटाला का?

आमच्या पाड्यावर सुईण व्हती बुधी. आता तीबी म्हातारी झाली. आमच्याकडची चाल अशी, पोर जलमलं तरी वार पडेपर्यंत नाळेला हात लावायचा नाय. नाळ आधी तोडली तर वार वर चढती आन बाईच्या काळजाला लागती, असं आमच्या आज्या सांगायच्या. तवर पोर तसंच भुईवर. थंडी असो का काय असो. सगळ्यांचं ध्यान वारंकडं, पोराकडं कुणी बघायचं नाय.

तू हे पहिल्यांदा बघितलं आन पदरानं पोर पुसून उचललंच. बुधी खवळली. "ए नर्से! पोर बाईच्या पोटातलं हाय, तुझ्या पिशवीतलं नाय! ठेव खाली!" तुला बाहेर काढलं. अंगणात उभं राहून तू रडलीस. मी बघितलंय.

पण तू हटली नाय. आन शहाणपण शिकवत बसली नाय, त्याची मला लय कदर हाय. बुधीच्या गुडघ्याला तेल लावलं. तिच्याबरोबर बिड्या ओढत बसलीस, खोकत खोकत. तिच्या हाताखाली बसून बाळंतपणं केलीस, तिच्याच हातानं वार दारात पुरू दिली. हळूहळू, लय हळू, बुधी वळली. पातं उकळायला लागली. आधी पोर पुसायचं, आईच्या छातीला लावायचं, उबेला ठेवायचं, दोरा बांधून नाळ कापायची. बुधीच बाकीच्या बायांना सांगायला लागली, "पोराला भुईवर ठेवू नका गं, गारठतंय." जसं काय हे तिच्या आजीनंच सांगितलं व्हतं! तू मला डोळा घातला व्हता तवा.

हे तुझं काम. हे साहेबाला ठावं बी नाय. याला कुणी ढाल दिली नाय.

आन यमुना. बाळंतपणात तिचं रगत थांबंना तो दिवस. गाडी नाय घोडं नाय. गोधडीची झोळी केली, चार गड्यांनी उचलली, आन तू बाजूनं पळत. पळत म्हणजे, तिच्या पोटात मूठ दाबून धरलेली, ती मूठ काढायची नाय आन पळायचं. फाट्यापर्यंत. तिथून दुधाच्या टेम्पोत. यमुना जगली. पण तुझा हात पुढं कितीतरी दिवस वर उचलत नव्हता. मी तुझी येणी घालायची. आरशात बघून तू म्हणायची, "मावशे, एक गाडी पाहिजे गं आपल्याला. बाकी काही नको देवाकडं. एक जीप."

मंग ती जीप आली आन तिच्याबरोबर ती योजना आली.

आधी दवाखान्याला पैसे यायचे ते असेच यायचे. कमी यायचे, उशिरा यायचे, पण यायचे. आता ठरलं, आधी काम दाखवा, मंग पैसे घ्या. बाळंतपण दवाखान्यात झालं का बाईला पैसे, आणणारीला पैसे, आन उपकेंद्राला पैसे. उपकेंद्राच्या पैशातून जीप भाड्यानं लावायची. बाळंतपणं दवाखान्यात नाय झाली, तर पैसे नाय. पैसे नाय तर जीप नाय. घरी झालं ते धरायचंच नाय, मंग ते कितीबी चांगलं होवो.

मला खोटं बोलायचं नाय. जीप चांगली व्हती. जीपनं बाया वाचल्या. तू पाड्यापाड्यावर जाऊन सांगितलंस, बाया येऊ बी लागल्या.

पण डोंगरातली बाई, मंदे. कळ आली तवा ती रानात असती, न्हाईतर विहिरीवर. जीप दुसऱ्या पाड्यावर गेलेली असती. तवर पोर बाहेर. ही बाळंतपणं धरायची नाय. आन महिन्याच्या मीटिंगला ज्या सिस्टरचं काम कमी, तिला उभं करायचे.

एकदा मीटिंगवरून आलीस. चहा गार झाला. मंग म्हणलीस, "मला उभं केलं, मावशे. शाळेतल्या पोरीसारखं. सगळ्यांसमोर. म्हणले, जीप काढून घेऊ."

पुढच्या मीटिंगवरून येताना तू अक्कल घेऊन आलीस. कुणी दिली ती मला ठावं नाय. नाळ जिथं कापली, तिथं बाळंतपण झालं, असं धरायचं. म्हणजे पोर घरी झालं तरी चालंल. फक्त नाळ कापायची नाय. आई, पोर, वार, सगळं तसंच जीपमधी घालायचं, दवाखान्यात आणायचं, आन तिथं कापायचं. झालं दवाखान्यात.

तू हे बुधीला सांगायला गेलीस तवा मी बरोबर व्हते. बुधी तुझ्याकडं बघतच राह्यली. मंग हसली, दात नसलेलं तोंड उघडून. "सिस्टर, धा वर्षं मला येडी म्हणलीस. आता तू येडी झालीस का गं?"

सगळ्या बाया हसल्या. तू हसली नाय. म्हणलीस, "कापू नका. तशीच आणा. एवढंच सांगते."

जी चाल तू रगत आटवून घालवली, ती तूच परत आणली. तुझ्याच तोंडानं. तवाच मला ते पटलं नव्हतं. पण तू म्हणलीस ना. तू म्हणलीस का पाड्याला ते खरंच. एवढं तू कमावलं व्हतं, आन ते असं खर्चलंस.

थंडीचे दिवस. नागली पाखडायचे. माझी सून कमळी अंगणात सूप घेऊन बसलेली. तिची पहिली खेप. मी घरी नव्हते, तुझ्याबरोबर खाली मोठ्या दवाखान्यात, शिबिर व्हतं. तिला कळ आली आन लगेच मोकळी झाली. इतकी सोपी का बुधी म्हणली, मला हात धुवायला टाईम दिला नाय पोरीनं. पोरगा. असा रडला का पल्याडच्या घरापर्यंत ऐकू गेलं. वार बी पडली. सगळं नीट. तिथंच पुसून, उबेला घेऊन, छातीला लावला असता तर काय व्हतं, मंदे? काय कमी व्हतं त्या पोराला?

पण सिस्टरनं सांगितलंय. माझा लेक जीप आणायला पळाला. बुधीनं नाळ कापली नाय. कमळीच्या मांडीवर पोर, पोराला चिकटलेली नाळ, आन नाळेच्या दुसऱ्या टोकाला घमेल्यात वार. हललं तर ताण पडंल म्हणून पोराला धड छातीशी बी धरता येईना. जीपच्या बाजूचं कापड फाटलेलं. घाटातला वारा. वरून गोधडी टाकलेली, ती उडायची.

जीप आली तवा तू दवाखान्याच्या दारात व्हतीस. हसत ओरडलीस, "आली आली, माझी कमळी आली!"

मंग तू पोराचे पाय हातात घेतलेस. तुझं तोंड मी बघितलं.

तू कापलंस, पुसलंस, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून लावल्यास, कमळीच्या पोलक्यात घातलंस त्याला. सगळं केलंस. पण दवाखान्यात एका खाटंवर दोन-दोन बाया. सगळ्या उपकेंद्रांच्या बाया आणलेल्या, खाटा मातर तेवढ्याच. संध्याकाळी सांगितलं, आता घरी न्या, पोर बरं हाय. त्याच थंडीत परत वर. दोन दिवस त्यानं तोंड लावलं नाय. तिसऱ्या दिवशी गेला.

बाळंतपण झालं दवाखान्यात. मरण झालं घरी. दवाखान्याच्या कामाला कुठंच डाग नाय. डाग सगळा आमच्या अंगणात.

तू आलीस पाचव्या दिवशी. पाचवी पुजायची तर कुणाची? उंबऱ्यात बसलीस. कमळीनं तुला कोरा चहा दिला. तू पिलीस. ती बी काय बोलली नाय आन तू बी नाय. मी म्हणले, आज नाय बोलली, उद्या बोलंल. मोठ्या माणसांसमोर बोलंल. माझी मंदी हाय ती.

उन्हाळ्यात ती माणसं आली, तपासणीवाली. चांगली माणसं व्हती, वाईट नाय म्हणणार. पाणी मागून पिलं, खाली बसले. उपकेंद्राच्या व्हरांड्यात बाया गोळा केल्या व्हत्या. त्या बाया तू बोलावल्या व्हत्या. त्यांच्यात कमळी नव्हती.

त्यांनी इचारलं, बाळंतपण कुठं झालं? दवाखान्यात. पैसे मिळाले का? मिळाले. वेळेवर मिळाले का? त्यातले कुणी मागितले का? गाडी आली का? सगळं इचारलं, मंदे. मी तिथंच उभी, हातात पाण्याची कळशी. वाट बघत व्हते, आता कुणी इचारंल, पोर कुठाय? दाखवा बघू पोर. कुणी इचारलं नाय. मी तोंड उघडलं, तर तू माझं मनगट धरलंस. असं दाबलंस का बांगडी रुतली.

ते गेल्यावर मी कळशी आपटली.

"का धरलास माझा हात?"

"मावशे, हळू बोल."

"का हळू? माझ्या घरातलं पोर गेलंय. तुझ्या नाय."

तुझं तोंड पांढरं पडलं. तरी बोललीस. "त्यांना सांगितलं तर ते काय लिहितील? योजना फसली. पैसे बंद करा. मग जीप बंद. परत झोळी, परत ती पळापळ. यमुनेला विचार, जीप पाहिजे का नको."

"आन माझा नातू?"

"त्याची आठवण मला रोज येते."

"आठवणीचं काय लोणचं घालायचंय मला?"

तू म्हणलीस, "तुला काय समजायचं नाही, मावशे. वरून दिसतं तेवढं सोपं नाही ते."

मला काय समजायचं नाय! चुलीपाशी बसून इतकी वर्षं तुझं सगळं मीच समजून घेतलं, आन त्या दिवशी मला काय समजायचं नाय. मी घरी निघून आले. ते भांडण तिथंच राह्यलं.

दुसऱ्या दिवसापासून तू मला चुलीपाशी बी म्हणायला लागलीस, "मावशी, पाणी भरा." भरा! मी बी म्हणायला लागले, "व्हय, सिस्टर." एका पत्र्याखाली दोघी, आन असं बोलायचो का जसं यष्टीत शेजारी बसलेल्या बाया.

पण तू गप बसली नव्हतीस. ते मला बुधीकडून कळलं. तू गुपचूप जाऊन तिला सांगून आलीस, "आता कापत जा. पहिल्यासारखं. पोर पुस, उबेला ठेव. घरीच राहू दे दोघांना. कागदाचं मी बघते." म्हणजे बाळंतपण व्हायचं घरी, नीट, उबेत. अवघड दिसलं तर जीप. आन कागदावर सगळ्या दवाखान्यात. कमळीची दुसरी खेप तशीच झाली. चुलीजवळ, गोधडीत. ती पोर आज अंगणभर पळती. शंभर टक्के! असा आला तुझा पहिला नंबर. खोटा. आन त्या खोट्यात आमच्या पाड्याची लेकरं वाचली.

ती पोर जलमली त्या दिवशी मी तुला माफ करणार व्हते, मंदे. खरंच. भाकर घेऊन निघाले बी व्हते.

पण ढाल आली ना. तुझा फोटू छापला. साहेब बाकीच्या सिस्टरांना सांगायला लागले, मंदा सिस्टरला जमतं, तुम्हाला का जमत नाही? तपासणीवाल्यांनी वर सांगितलं, ही योजना लय चांगली चालती, सगळीकडं अशीच चालवा. दोन डोंगरांपल्याडच्या उपकेंद्रात नवी सिस्टर, पोरसवदा. तिला तुझ्यासारखं खोटं बोलायची छाती नाय. मंग ती काय करणार? तुझ्याच जुन्या सांगण्यासारखं. कापू नका, तशीच आणा.

मी बघितलं, मंदे. खाली दवाखान्यात झाडत व्हते. जीपमधून बाई उतरली. पल्याडच्या डोंगरातली. मांडीवर पोर, हातात घमेलं. थंडीचे दिवस. झाडू तिथंच टाकला.

मी येऊन तुला सांगितलं. म्हणले, सिस्टर, आपली वाचवली, त्यांचं काय? तुझ्या नंबराखाली ती मरत्यात. तू खिडकीतून बाहेर बघत बसलीस. तू म्हणलीस, "मावशी, भांडी उकळायची राहिलीत."

हेच. याचाच राग हाय मला. उभं करत्यात त्याची भीती, समजते. जीप जाईल ही भीती, समजते. पण तुला एकटीला दोन्हीकडचं ठावं व्हतं. घरी कसं जगतं आन वाटंत कसं मरतं. पैशाच्या आधी बुधीनं काय केलं आन पैशानंतर काय झालं. ती माणसं कुठून कुठून हेच इचारायला येत व्हती, आन ज्या एका बाईला उत्तर ठावं, ती भांडी उकळा म्हणती!

आन मरायच्या आठवड्यात काय केलंस? दुपारची माझ्या दारात आलीस. दम लागलेला. किती वर्षांनी म्हणलीस, "मावशे, भाकर हाय का गं?" मी भाकर दिली, वर कांदा दिला. तू उभ्यानं खाल्लीस. काहीतरी बोलायचं व्हतं तुला, मला दिसत व्हतं. मी म्हणले, बोलंल, बसू दे घास घशाखाली. तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. "येते परत," म्हणलीस.

ही का रीत झाली?

तर काल गुरुवार झाला. ऐक आता.

आले ते. यावेळी त्यांनी बाया बोलवायला सांगितल्याच नाय, आपल्याच मनानं घरं निवडली. आमच्या पाड्यावर तीन का चार. त्यात माझं. साहेब संगं. एक चष्मेवाली बाई, माझ्या लेकीच्या वयाची, ओट्यावर बसली. साहेब मला म्हणले, "मावशी, सांगा की सिस्टरांचं."

मला तुझ्या लेकीचे सुजलेले डोळे दिसत व्हते. मी मनाशी धरलं व्हतं, आज सांगायचं. पण मेलेल्या माणसाची उणी दहावा झाल्यावर सांगायची, हे का सोपं हाय? तू तर तोंड फिरवून मोकळी झालीस.

चष्मेवाली कमळीकडं वळली. "ताई, तुमचं पहिलं बाळंतपण कुठं झालं?"

साहेबच बोलले, "दवाखान्यात. आपल्याकडंच. सिस्टर स्वतः होत्या."

कमळी चुलीपाशी. माझी सून किती बोलती तुला ठावं हाय. गायीला हाक मारायची तर हळू. ती उठली, हात पदराला पुसले, दारात आली.

"ओ बाई, तुम्ही मला इचारलं ना?"

"हो, तुम्हालाच."

"मंग साहेबाला म्हणा, माझं बाळंतपण मला सांगू द्या. ते नव्हते तिथं."

साहेब हसायला गेले. चष्मेवाली म्हणली, "डॉक्टर, तुम्ही गाडीत बसता का जरा?" ते गेले.

आन कमळीनं सांगितलं. अंगण दाखवलं, कुठं बसली व्हती, सूप कुठं व्हतं. घमेलं कसं धरलं. पोराला छातीशी का धरता आलं नाय. वारा कुठून येत व्हता. तो कसा रडला व्हता, आन घाट लागल्यावर रडायचा कसा थांबला. मला हे काहीच ठावं नव्हतं, मंदे. तू आन मी वर्षानुवर्षं त्या पोरावरून भांडलो, एकमेकींशी अबोला धरला, आन त्याच्या आईला आपण दोघींनी कधी बोलू दिलं नाय.

चष्मेवालीनं इचारलं, "नाळ कापू नका, असं कुणी सांगितलं?"

मी डोळे मिटले.

"मंदा सिस्टरनं," कमळी म्हणली. "आन दुसऱ्या खेपेला घरीच राहा, नाळ कापा, पोर उबेला ठेवा, हे पण मंदा सिस्टरनंच सांगितलं. कागदावर दवाखाना लावला आन मला घरी ठेवली. ती बघा, ती माझी पोर, ती तसं केल्यानं वाचली." पोर अंगणात शेणाचे गोळे करत व्हती. "दोन्ही लिवा. पहिलं बी लिवा आन दुसरं बी लिवा. एकच लिवायचं असंल, तर माझ्या दारात बसून कायबी लिवू नका."

त्या बाईचा हात थांबला. मंग तिनं इचारलं, "मुलाचं नाव काय होतं?"

"बारसं झालं नव्हतं."

बाई गेली तशी कमळी परत चुलीपाशी बसली. तव्यावरची भाकर जळालेली, तशीच उलटली तिनं.

त्यांनी काय लिवलं मला वाचता यायचं नाय. जीप राहती का जाती, मला ठावं नाय. तुझी लेक मला तोंड दाखवंल का, ते बी ठावं नाय. पण मंदे, नंबर गेला तुझा. आता तुझ्या फोटूसमोर बसले ना, तर मला तीच दिसंल जी यमुनेच्या पोटात मूठ दाबून पळत व्हती, आन तीच दिसंल जी माझ्या नातवाचे गार पाय हातात धरून उभी व्हती. दोन्ही तूच. माझा राग काय गेलेला नाय. पण रातच्याला पडल्यावर रडू आलं मला, मंदे. मला. पोटभर रडले.